‘देखभाल नको’ म्हणून विकलेला ड्रायर आणि त्याच्या पोटातली लव: एक तक्रार पत्र

प्रति,
विभागप्रमुख, ग्राहक सेवा

विषय: कपडे वाळवणाऱ्या हीट पंप ड्रायरचा बंदिस्त कंडेन्सर, म्हणजे हवेतली वाफ गार करून तिचं पाणी करणारा भाग, कपड्यांची लव साचून तुंबल्याबाबत, आणि ‘ग्राहकाने देखभाल केली नाही’ असं सांगून दुरुस्तीचा खर्च नाकारल्याबाबत.

संदर्भ: माझ्या तीन तक्रारी आणि त्यावर आलेलं आपलं शेवटचं उत्तर.

महोदय / महोदया,

तुमचं उत्तर मिळालं. ‘लव साचणे ही वापरातील नैसर्गिक बाब असून योग्य देखभालीअभावी उद्भवलेला बिघाड वॉरंटीत समाविष्ट नाही’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. मग कपाटातून तुमचं माहितीपत्रक काढलं. त्याच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरात छापलंय: ‘सेल्फ-क्लीनिंग कंडेन्सर. देखभालीची गरज नाही.’ हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून मी हे पत्र लिहिते आहे. यातला खरा कोणता, एवढंच आधी सांगा.

माझ्या घरी सासरे अंथरुणाला खिळून आहेत. चादरी रोज बदलाव्या लागतात, कधी दिवसातून दोनदा. ड्रायर ही आमच्याकडे चैन नव्हे. म्हणूनच घेताना मी घाई केली नव्हती. दुकानात दोन यंत्रं शेजारी शेजारी होती. एकाला खाली पुढच्या बाजूला एक दार होतं. ते उघडलं की आतल्या कॉइलच्या बारीक पात्या समोर दिसायच्या, महिन्यातून एकदा मऊ ब्रशने झाडायच्या. दुसरं तुमचं. त्याला दार नाही, नुसता गुळगुळीत पांढरा पत्रा. मी विक्रेत्याला विचारलं होतं, “आत लव साठली तर ती काढायची कुठून?” तो हसून म्हणाला, “मॅडम, साठतच नाही. मशीन स्वतःच धुतं.” घरातलं एक काम कमी होईल या आशेने मी तुमचं घेतलं. माझं चुकलं ते इथे, आणि ते मी कबूल करते.

यंत्र घेऊन दोन वर्षं आणि चार महिने झाले. आठवड्याला पाच-सहा वेळा चालतं. प्रत्येक वेळी कपडे घालायच्या दाराजवळची लव अडवणारी जाळी मी हाताने साफ करते, पंधरवड्यातून एकदा कोमट पाण्याखाली धुते, पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवत नाही. फॅब्रिक सॉफ्टनर वापरणं पहिल्याच महिन्यात बंद केलं, कारण त्याचा तवंग जाळीवर आणि ड्रममधल्या सेन्सरच्या धातूच्या पट्ट्यांवर बसतो. त्या पट्ट्याही व्हिनेगर लावलेल्या फडक्याने पुसत आले. तुमच्या पुस्तिकेत जे करायला सांगितलंय ते सगळं झालंय. जे करू नका म्हणून सांगितलंय, म्हणजे पत्रा उघडू नका, तेही पाळलंय.

सुरुवातीला चार चादरी आणि सहा टॉवेल पावणेदोन तासांत कोरडे व्हायचे. मला नेमकं आठवतं, कारण सासऱ्यांची अंघोळ, औषध आणि जेवण उरकेपर्यंत यंत्राची शिट्टी व्हायची. मग हळूहळू दोन तास, सव्वादोन, अडीच. इतकं हळू की लक्षातच येत नाही. गेल्या काही महिन्यांत तर पडद्यावरचं घड्याळ ‘२० मिनिटं बाकी’वर येऊन अडकायचं आणि ती वीस मिनिटं तासभर चालायची. टॉवेल मधे गरम आणि शिवणीपाशी ओला. खोलीच्या खिडकीच्या काचेवर वाफ धरायची. जे यंत्र पाणी टाकीत गोळा करतं, ते खोलीत वाफ का सोडतंय, हा प्रश्न मी तुमच्या फोनवरच्या मुलीला विचारला. ती म्हणाली, “जाळी साफ करून बघा.” उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

दुसऱ्या तक्रारीला माणूस आला. त्याने कार्ड, म्हणजे यंत्र चालवणारी इलेक्ट्रॉनिक पाटी, बदललं. पाऊण तासाचं काम, बिल माझ्या नावावर, फरक शून्य. रोग म्हशीला, औषध पखालीला.

मग मी स्वतः मोजायला बसले. तोच कपड्यांचा ढीग: कोरडा असताना ४ किलो. वॉशिंग मशीनमधून पिळून निघाल्यावर ६.३ किलो, म्हणजे कपड्यांत २.३ लिटर पाणी. तुमच्या यंत्राने ३ तास ३५ मिनिटं घेतली. टाकीत पाणी आलं १.४ लिटर. बाहेर निघालेले कपडे ४.४ किलो, म्हणजे ४०० मिली अजून कपड्यांतच. उरलेलं अर्धा लिटर गेलं कुठे? माझ्या खिडकीच्या काचेवर आणि भिंतीत. हे आकडे मी तिसऱ्या तक्रारीसोबत पाठवले होते. त्यांचा तुमच्या उत्तरात उल्लेखही नाही.

तिसऱ्या खेपेला जो मेकॅनिक आला तो जाणता निघाला. वयाने मोठा, बोलायला कमी. त्याने आधी टाकीतलं पाणी पाहिलं, मग टॉर्च मागितला, मग म्हणाला, “ताई, हे उघडायला बनवलेलंच नाही. वेळ लागेल.” एक तास चाळीस मिनिटं लागली. मागचा पत्रा, वरचा पत्रा, बाजूचे दोन, मग खालचा प्लास्टिकचा अख्खा साचा, त्याच्या कडेला चिकटवलेली फोमची पट्टी. ते झाकण निघालं आणि त्याने टॉर्च धरला. पात्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर करड्या रंगाची, ओली, बोटभर जाड घोंगडी बसली होती. वरून कोरडी, खाली चिखल. तिला बोट लावलं तर एका बाजूने सोलून आली, नमद्यासारखी. चादरीचा निळा रंग तिच्यात ओळखू येत होता.

यात गूढ काहीच नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको, तरी पत्र ज्याच्या टेबलावर जाईल त्याच्यासाठी लिहिते. हीट पंप ड्रायरमध्ये तीच हवा गोल फिरते. कपड्यांतून ओली होऊन आलेली हवा थंड कॉइलवरून (तुमच्या माहितीपत्रकातला ‘कंडेन्सर’ तो हाच) जाते, तिथे तिच्यातलं पाणी गळतं, मग गरम कॉइलवरून जाऊन ती परत ड्रममध्ये येते. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६३ युनिट वीज लागेल इतकी उष्णता हवी. हीटरवाल्या ड्रायरमध्ये ती वापरून वाया जाते; हीट पंप तीच उष्णता परत परत वापरतो, म्हणून वीज निम्म्याच्या आसपास लागते. पण हे सगळं चालतं ते हवा मोकळी फिरली तर. जाळीतून सुटलेली बारीक लव आधी थंड, ओल्या कॉइलवर चिकटते. तुमची ‘सेल्फ-क्लीनिंग’ म्हणजे गळलेलंच पाणी पंपाने त्या पात्यांवर मारणं. थोडी लव असेल तर वाहून जाते. जास्त असेल तर तेच पाणी तिचा लगदा करतं. हवा अडली की कपडे वाळत नाहीत, कॉम्प्रेसरला जास्त वेळ आणि जास्त दाबाखाली चालावं लागतं. म्हणजे जो भाग टिकावा म्हणून तुम्ही दारावर सोनेरी स्टिकर लावलाय, त्याचंच आयुष्य हे झाकण कमी करतंय.

त्या स्टिकरबद्दलही बोलू. ‘१० वर्षं वॉरंटी’, आणि खाली मुंगीच्या अक्षरात ‘फक्त कॉम्प्रेसर’. बाकी यंत्राला दोन वर्षं. ड्रायरमध्ये सहसा जातं काय? ड्रमचा पट्टा, तो ताणून धरणारी पुली, ड्रमखालचे रोलर, मागचं बेअरिंग, पाण्याचा पंप, पुढची फेल्टची पट्टी. आणि तुंबतात त्या पात्या. कॉम्प्रेसर बिचारा सहसा शेवटपर्यंत उभा असतो. जे बिघडत नाही त्याची दहा वर्षं हमी आणि जे बिघडतं त्याची दोन. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती म्हण तुमच्या त्या पांढऱ्या पत्र्याला बरोब्बर बसते.

मेकॅनिकने ब्रश आणि कोमट पाणी घेऊन पात्या धुतल्या. हलक्या हाताने, वरून खाली. आडवा ब्रश मारला तर त्या वाकतात आणि मग हवा कायमची अडते, हे त्याने मला दाखवूनही दिलं. कार्ड बदललं नाही, गॅस भरला नाही, एकही नवा भाग घातला नाही. जुळवाजुळव करून तोच ढीग परत लावला. १ तास ५० मिनिटं. टाकीत २.१ लिटर. कपडे ४ किलो ५० ग्रॅम. खिडकीची काच कोरडी.

म्हणजे यंत्र वाईट नाही. हे मला मुद्दाम लिहायचंय, कारण रागाच्या भरात मी फोनवर ‘भंगार’ म्हणाले होते. कॉम्प्रेसर ठणठणीत, मोटर शांत, ड्रमचा आवाज पहिल्या दिवशी होता तसाच. फक्त ज्या जागी दर महिन्याला हात पोचायला हवा होता, तिथे तुम्ही तो पोचू दिला नाही. आणि आता म्हणता, हात का लावला नाही?

मला काय हवंय ते स्पष्ट लिहिते. तिसऱ्या भेटीचं उघडण्या-धुण्याचं बिल आणि दुसऱ्या भेटीत विनाकारण बदललेल्या कार्डाचं बिल, दोन्हींचे पैसे परत. त्या कार्डाचा दोष नव्हता हे वरच्या आकड्यांवरून शाळेतलं मूलही सांगेल. याशिवाय ही लव परत साठणार हे उघड आहे. माझ्या वापराला साधारण दोन वर्षांत पुन्हा घोंगडी तयार होईल. तेव्हा एकतर पुढची जवळपास आठ वर्षं, म्हणजे तुमच्या स्टिकरची मुदत संपेपर्यंत, ही सफाई वर्षातून एकदा विनामूल्य करून द्या, नाहीतर हे यंत्र परत घेऊन दार उघडणारं मॉडेल द्या. तुमच्याच कंपनीत ते आहे, मी पाहिलंय. फरकाची रक्कम असेल तर मी भरेन.

पट्टा, पुली, रोलर आणि पंप यांचे भाग क्रमांक आणि ते किती वर्षं मिळत राहतील, हे मला लेखी कळवा. ही काही जगावेगळी मागणी नाही. युरोपीय संघात १ जुलै २०२५ पासून घरगुती ड्रायरसाठी जे नियम लागू झाले, त्यांत मॉडेल विकायचं थांबल्यावरही ठरावीक सुटे भाग किमान १० वर्षं मिळायला हवेत असं बंधन आहे. एखाद्या यंत्राचा पट्टा दहा वर्षांनी मिळणार आहे की नाही, हे दुकानात उभं असतानाच कळलं तर माणूस स्टिकर वाचणार नाही.

आणि माहितीपत्रकातलं ते वाक्य काढून टाका. त्याजागी खरं ते लिहा: जाळी दर वेळी साफ करा, आणि जास्त वापर असेल तर कॉइल ठरावीक मुदतीने मेकॅनिककडून धुऊन घ्या. हे वाचून मी तुमचं यंत्र घेतलंच नसतं असं नाही. कदाचित घेतलंही असतं. पण दोन वर्षं तुंबत चाललेल्या यंत्राला मी रात्री बारापर्यंत जागून ‘आता होईल, आता होईल’ म्हणत बसले नसते.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. फोन नको. फोनवर मला परत जाळी साफ करायला सांगतील.

आपली,
एक ग्राहक

सोबत: खरेदीच्या पावतीची प्रत, तिन्ही सर्व्हिस भेटींचे कागद, वजनांची टिपणं, कॉइलचे धुण्यापूर्वीचे आणि नंतरचे फोटो. शिवाय एका प्लास्टिकच्या पिशवीत, तुमच्या सेल्फ-क्लीनिंग कंडेन्सरवरून काढलेली लव, वाळवून, वजन ६४ ग्रॅम. ती परत पाठवण्याची गरज नाही.