रिंगमध्ये हरली असती तर हे पत्र लिहिले नसते

सप्रेम नमस्कार,

आपल्या व्यायामशाळेच्या एका बॉक्सरसाठी मदत मागायला हे पत्र. ५१ किलो गटात खेळणारी आपली ही मुलगी (नाव कशाला लिहायचे, खारेगाव ते कोपरी सगळे ओळखतात) आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या संघात नाही. तिला कोणी हरवले नाही. यंदा निवडीची लढत झालीच नाही, शिबिरातल्या गुणांवर संघ ठरला, आणि लेखी मागूनही गुणपत्रक मिळालेले नाही.

२०१९ मध्ये निखत झरीनने मेरी कोमशी लढत मागितली. डिसेंबरात ती झाली, निखत ९-१ ने हरली, पण निकाल रिंगमध्ये लागला. २०२३ मध्ये मंजू राणी, शिक्षा नरवाल, पूनम पूनिया या राष्ट्रीय विजेत्या जागतिक स्पर्धेच्या तोंडावर दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. एकदा नावानिशी प्रवेशिका गेली की बाजू खरी असूनही हात रिकामेच. म्हणून ही घाई. मागणी एकच, लढत द्या. हरली तर आमचा आक्षेप तिथेच संपला.

दाद मागायला वकील आपलेच, फी घेत नाहीत. पण प्रतिज्ञापत्रे, दिल्लीच्या खेपा आणि लढतींचे सलग चित्रीकरण लागते. मोबाइलवरचे तुकडे टिकत नाहीत.

मोठा खर्च सरावाचा. एरवी तिचे वजन ५३ च्या आसपास असते. लढतीच्या दर सकाळी वजन होते, त्यामुळे पाणी तोडून एकदा ५१ गाठून भागत नाही. तसे केले की तिसऱ्या फेरीत पाय जड होतात, गार्ड (चेहरा झाकणारे हात) खाली येतो. तिच्या वजनाच्या डावखुऱ्या मुली आपल्याकडे नाहीत, आणि मुलांशी खेळवले तर १६ औंसाचे ग्लव्हज असूनही मार जास्त, सराव कमी. म्हणून ६ आठवडे सरावाला हरियाणातले भिवानी.

आपल्या रिंगचे चारही दोर चेंदणी कोळीवाड्यातल्या मंडळींनी स्वतः ओढून बांधले, ते आजही सैल पडलेले नाहीत. कॅनव्हास कळव्याच्या ताडपत्रीवाल्यांनी शिवला आणि शिलाई घेतली नाही. जांभळी नाक्याचे व्यापारी खजूर-शेंगदाणे पाठवतात, नौपाड्याच्या डॉक्टरबाईंनी पोरांच्या दातांचे माप घेऊन गमशील्ड (दातांवरचे कवच) करून दिले. यांचे उपकार फिटायचे नाहीत. गोविंदाला ठाण्यात थरांवर लाखांची बक्षिसे लागतात, आनंदच आहे. गेल्या वर्षी ग्लव्हजसाठी दिलेल्या आमच्या पत्रांची मात्र बहुतेकांकडून पोचही आली नाही. असो.

हवेत १,३५,००० रु. (भिवानी, मुलगी व प्रशिक्षिका ७२,०००, दिल्ली व कागदपत्रे ३८,०००, रक्त-डोळे तपासणी, बँडेज, हेडगार्ड २५,०००). जमा ४१,५००. चेक मंडळाच्या नावे, व्यक्तीच्या नावे नको. खाते क्रमांक व्यायामशाळेच्या फलकावर. सायं. ६ ते ९, रविवार बंद. १५ तारखेच्या आत. रोख दिल्यास पावती मागून घ्या. जुने ग्लव्हज चालतील, पण पॅडिंग सरकलेले नकोत, त्यांनी हात दुखावतो.

आपला,
सचिव