क्यूबिट किती, याबरोबर चुका किती हेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्वांटम संगणकाची बातमी आली की मथळ्यात क्यूबिटांचा आकडा असतोच. क्यूबिट म्हणजे त्या संगणकातला माहिती साठवणारा सर्वांत छोटा घटक, साध्या संगणकातल्या बिटासारखा. परदेशी चिपचा आकडा हजाराच्या वर, आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत २०२४च्या ऑगस्टमध्ये जिची चाचणी पूर्ण झाली ती आपली चिप सहा क्यूबिटांची. आमच्या वाचनालयात त्या 'सहा'वर काही जण हसले. मी आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. ते हसणे मला लागले, म्हणून हे पत्र.

या चिपांमधला अतिसंवाहक, म्हणजे अतिथंड झाल्यावर रोध न करता वीज वाहू देणाऱ्या धातूचा, क्यूबिट फार नाजूक असतो. अॅल्युमिनियमचे दोन पापुद्रे, मध्ये ऑक्साइडचा अतिपातळ थर, आणि हे सारे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम एक-दोन शतांश अंश वर ठेवलेले. एवढे करूनही त्यातली माहिती सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपासच टिकते. म्हणून अनेक क्यूबिटांची जाळी विणायची, तिच्यात मिळून एकच 'तार्किक' क्यूबिट जपायचा आणि शेजारच्यांकडून सतत पडताळा घ्यायचा, अशी युक्ती आहे. पण जाळी वाढली की चुकणारेही वाढतात. मूळ क्यूबिट पुरेसे चांगले नसतील तर मोठी जाळी लहान जाळीपेक्षा वाईट ठरते. कित्येक वर्षे गाडी इथेच अडली होती.

डिसेंबर २०२४मध्ये गूगलच्या 'विलो' चिपने ती पुढे ढकलली. तीन बाय तीन, पाच बाय पाच, सात बाय सात अशी जाळी वाढवत नेली, तेव्हा दर पायरीला चूक २.१४ पटींनी घटली. विलोवर १०५ क्यूबिट आहेत हे बहुतेकांनी वाचले असेल. मला मात्र हा २.१४ जास्त मोठा वाटतो. अर्थात पुढची वाट लांब आहे. सात बाय सातच्या एका तार्किक क्यूबिटासाठी, पडताळा घेणारे वगैरे सारे धरून, १०१ क्यूबिट लागले, आणि त्याने गणित केले नाही, माहिती नुसती जपली. तीही पडताळ्याच्या साधारण सातशे फेऱ्यांत एकदा चुकून. दहा लाख फेऱ्यांत एकच चूक हवी असेल तर याच दर्जाचे १,४५७ क्यूबिट एका तार्किक क्यूबिटामागे लागतील, असा त्या संशोधकांचा हिशेब आहे. पण मूळ क्यूबिटांची चूक निम्मी केली, तर तेवढ्याच जाळीची चूक दहा हजार पटींनी कमी होईल, हेही त्यांनीच मांडले आहे.

आयबीएमने २०२३मध्ये १,१२१ क्यूबिटांची 'कॉन्डोर' ही चिप जाहीर केली, त्याच दिवशी १३३ क्यूबिटांची, कमी चुकणारी 'हेरॉन'ही. कंपनीने पुढची यंत्रे उभारली ती हेरॉनवर.

कुलाब्याची चिप तिथेच आखली, तिथेच घडवली. नियंत्रणाची आणि मोजमापाची यंत्रणा डीआरडीओच्या पुण्याच्या प्रयोगशाळेने जुळवली. चिप स्वतः घडवणाऱ्यालाच चूक नेमकी कुठे शिरते ते शोधता येते आणि पुढची चिप सुधारता येते. विकत आणलेल्या यंत्रावर हे शिकायला मिळत नाही. त्या सहांची किंमत मला यात दिसते.

राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी सरकारने ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले आहेत. आठ वर्षांत ५० ते १,००० 'भौतिक', म्हणजे चिपवरचे सुटे मूळ, क्यूबिट हे त्याचे उद्दिष्ट. त्यात तार्किक क्यूबिट किती आणि चुकांची मर्यादा कोणती, हेही लिहिले जावे अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आणि आपल्याला एक विनंती. आपला प्रतिनिधी पुढच्या वेळी अशा बातमीसाठी जाईल तेव्हा त्याने दोन प्रश्न जरूर विचारावेत. दोन क्यूबिटांच्या क्रियेत हजारामागे किती चुका होतात? जाळी मोठी केल्यावर त्या घटल्या का? दोन्ही उत्तरे मथळ्याखालच्या एका ओळीत मावतील.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, सातारा