माटोळीला लागलेली वाळवी

बांदोडे, फोंडा
१२ ऑक्टोबर

प्रिय सुहास,

तुझा फोन दोनदा येऊन गेला, मी उचलला नाही. रागावू नकोस. दोन महिने घरातले सामान वसरीवर आणि आम्ही सामानावर अशी गत होती. शिवाय ही हकिकत फोनवर सांगण्यासारखी नव्हती.

चवथीच्या चार दिवस आधी, गणपतीच्या डोक्यावर फळे-पाने टांगतो ती माटोळीची चौकट काढायला माळ्यावर चढलो. आजोबांच्या वेळची, सागाची. उचलायला गेलो तर अंगठा सरळ आत! वरून रंग शाबूत, आत नुसती माती. मागच्या भिंतीवरून पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी थेट वाशापर्यंत चढलेली. आई खालून विचारतेय, "मिळाली काय रे?" काय सांगणार कपाळ! सागाला वाळवी लागत नाही हे खरे आहे, पण ते आतल्या गाभ्यापुरतेच. कडेचे पांढरट लाकूड ती खुशाल खाते, आणि आमची चौकट नेमकी त्याचीच निघाली. आजोबांना सुताराने फसवले, ते ऐंशी वर्षांनी कळले.

चौकटीचे सोड, दुसरी करता येईल. शेजारीच बाबांची लाकडी पेटी होती. जत्रेतल्या नाटकांच्या त्यांच्या हस्तलिखित वह्या तू पाहिल्या आहेस. वरच्या तीन वह्या जशाच्या तशा. त्यांच्या खाली पुठ्ठे तेवढे उरलेले, आणि मधे बाबांचे अक्षर होते तिथे मातीची वळणे. त्या दिवशी मी कुणाशी बोललो नाही.

मग पहिला औषधवाला आणला. त्याने दिसेल तिथे फवारले, घरभर वास केला, पैसे मोजून घेतले आणि गेला. पंधरा दिवसांत दोन हात पलीकडे नवी नळी! दिसतात त्या कामकरी वाळव्या. राणी आणि सगळा संसार जमिनीखाली. वरच्या मेल्या तरी खालून दुसऱ्या येतात.

दुसरा माणूस वयस्क होता. त्याने आल्याआल्या नळी बोटभर फोडली आणि म्हणाला, आज काही करायचे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर फोडलेली जागा ओल्या मातीने लिंपलेली. म्हणजे वाट चालू आहे. मग त्याने घराच्या आतून-बाहेरून, भिंतीलगत फरशीला फूट-फूट अंतरावर बारा मिलिमीटरची भोके पाडली, प्रत्येकात इमिडाक्लोप्रिड ओतले, लिटरला साधारण दोन मिली, आणि पांढऱ्या सिमेंटने तोंडे बंद केली. दारांच्या चौकटींना तिरकी भोके पाडून पिचकारीने औषध सोडले. या औषधाची गंमत अशी की वाळवीला ते कळतच नाही. ती त्या मातीतून ये-जा करते, एकमेकींना चाटते, आणि बाधा आत पोचवते. म्हणून पहिल्या आठवड्यात काहीच फरक दिसला नाही आणि मी मनातल्या मनात त्यालाही शिव्या घातल्या. तिसऱ्या आठवड्यात फोडलेली नळी तशीच उघडी राहिली. विहिरीच्या बाजूची भिंत मात्र त्याने आपणहून सोडली. "त्या पाण्यावर चहा करता ना?" एवढेच म्हणाला.

खरे दुखणे त्यानेच दाखवले, ते मागच्या बाजूला. न्हाणीचा पाइप झिरपत होता, चिरा ओला, आणि त्या ओल्या भिंतीला टेकवून मी जळाऊ लाकडे नि चुडते रचलेली. पावसात भिजू नयेत म्हणून! ओल आणि लाकूड, दोन्ही दारात आणून ठेवल्यावर ती येणार नाही तर काय? आता पाइप बदलला, लाकडे भिंतीपासून लांब चिऱ्यांवर उचलून ठेवलीत. वाशांना काजूच्या टरफलांचे तेल लावतोय, जुन्या रीतीने. ते कातडीला भाजते; माझ्या मनगटावर अजून डाग आहे.

आईची तऱ्हा वेगळीच. कुळागराच्या टोकाला मोठी रोयण, वाळवीचे वारूळ, आहे ना, तिथे तो माणूस वळला तशी ती आडवी उभी राहिली. "रोयणीक हात लावचो न्हय!" वारुळालाच सांतेरी देवी मानून हळदकुंकू वाहणारी बाई, ती रोयण पाडू देईल? आणि जुलैत तू मागून मागून अळम्यांचे तोणाक खाल्लेस, ती अळमी म्हणजे वाळवीनेच जमिनीखाली पोसलेल्या बुरशीच्या छत्र्या. मी गप्प बसलो. रोयण घरापासून बरीच लांब आहे, आणि अळमी मलाही आवडते.

आता तुझ्या पेडण्याच्या घराबद्दल. तीन पावसाळे ते बंद आहे. दिवाळीला येशील तेव्हा दारांच्या चौकटी खाली जमिनीलगत पेचकसाच्या मुठीने ठोकून बघ. पोकळ आवाज आला तर मला लगेच सांग, त्या म्हाताऱ्याला घेऊन येतो. जोत्याला कुठे मातीची नळी दिसली तर रागाने सगळी झाडून टाकू नकोस, वाट कुठून येते ते त्याला पाहू दे.

आणि एक काम. बाबांच्या शेवटच्या नाटकात तू फौजदार झाला होतास. त्यांनी स्वतः लिहून दिलेली तुझी नक्कल, म्हणजे तुझ्या भूमिकेची वाक्ये, दुसऱ्या अंकाची, पुण्याला कुठल्या तरी फाइलीत असेल. ती शोध. मूळ तुझ्याकडेच ठेव, मला झेरॉक्स पाठव. आईला अजून सांगितलेले नाही.

तुझा,
विनायक