तेल फक्त समुद्रातून येत नाही, सरोवराच्या गाळातूनही येतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शेल तेलावरचा, म्हणजे शेल नावाच्या पातळ थरांच्या खडकातल्या तेलावरचा, तुमच्या पेपरातला लेख वाचला. विषय घेतलात हे फार चांगलं केलंत, पण तेल म्हणजे समुद्रातल्या जिवांचे अवशेष एवढं सांगून लेख पुढे सरकलाय आणि त्यामुळे अर्धी गोष्ट राहूनच गेली. जगातलं बरंच तेल समुद्राशी काही संबंध नसलेल्या सरोवरांच्या गाळातून आलंय. चीनचं दाचिंग हे तेलक्षेत्र १९५९ मधे सापडलं, त्याचं तेल सोंगल्याओ खोऱ्यातल्या क्रिटेशस काळातल्या, म्हणजे डायनोसॉरांच्या काळातल्या सरोवराचं. आपल्याकडे राजस्थानात बारमेरला २००४ मधे मंगला हे तेलक्षेत्र सापडलं तेही सरोवरातल्याच खडकाचं, आणि त्यात मेण इतकं जास्त की ते गोठू नये म्हणून पाइपलाइन सगळीकडे गरम ठेवावी लागते. ही मेणाची सवय सरोवराच्या तेलात बऱ्याचदा दिसते.

सरोवराचं तेल मुख्यतः शेवाळापासून होतं, पण खरा मुद्दा असा की नुसतं शेवाळ भरपूर वाढलं म्हणून तेल होत नाही. शेवाळ कुठल्याही तळ्यात वाढतं, मरतं, तळाला जातं आणि तिथले जिवाणू ऑक्सिजन वापरून ते फस्त करतात. ते टिकायचं तर तळाशी ऑक्सिजन पोचताच कामा नये. सरोवर खोल असेल आणि वर गरम हलकं पाणी, खाली गार जड पाणी, किंवा तळाला खारं पाणी बसलेलं असेल तर वरचं-खालचं पाणी मिसळतच नाही. आफ्रिकेतलं टांगानिका सरोवर आजही असंच आहे, जवळपास १४७० मीटर खोल, पण वरचे साधारण १००-२०० मीटर सोडले तर खाली ऑक्सिजन नाही. अशा तळाशी मासे, किडे कुणी जगत नाही, गाळ उकरायला कुणी नसतं, म्हणून थर कागदासारखे पातळ आणि जसेच्या तसे राहतात. अमेरिकेत वायोमिंग, कोलोरॅडो, युटामधल्या ग्रीन रिव्हरच्या खडकात, जो सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, असे थर आहेत, एक फिकट एक गडद, वर्षाला एक जोडी. विल्मॉट ब्रॅडली या भूशास्त्रज्ञाने ते मोजून १९२९ मधे मांडलं की हे सरोवर लाखो वर्षं टिकलं होतं. मला तर हे वाचून आजही थक्क व्हायला होतं.

त्यातही नशीब लागतं बरं का. नद्यांनी फार माती आणली तर शेवाळ त्यात विरळ होतं, वर झाडपालाही मिसळतो, आणि पाणी आटत गेलं तर क्षार साचतात, ग्रीन रिव्हरमधेच ट्रोनाचे (सोड्याच्या क्षाराचे) जाड थर आहेत ते यामुळेच. खोरं खचायचा वेग आणि पाणी-गाळ भरायचा वेग साधारण जुळलेला असला की सगळ्यात सकस खडक तयार होतो. शेवाळात चरबीसारखा भाग भरपूर, त्यामुळे त्यापासून होणाऱ्या केरोजेनमधे, म्हणजे खडकातल्या ज्या घट्ट सेंद्रिय पदार्थाचं तापल्यावर तेल होतं त्यात, हायड्रोजन जास्त आणि म्हणून तेलही जास्त.

आता तुमच्या लेखातला तो मोठा आकडा, ग्रीन रिव्हरमधे ४ लाख कोटी बॅरलहून जास्त. अंदाज अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्व्हेचाच आहे, पण तो जमिनीतल्या एकूण साठ्याचा आहे, बाहेर काढता येईल अशा तेलाचा नाही. हा खडक बहुतेक ठिकाणी पुरेसा खोल गाडला गेलाच नाही, म्हणजे १०० अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापमानात लाखो वर्षं शिजला नाही, त्यामुळे त्यात अजून कच्चं केरोजेनच आहे, आणि तेल हवं तर खडक सुमारे ५०० अंशांपर्यंत तापवावा लागतो. युटातल्या युइंटा खोऱ्याच्या खोल भागात मात्र तोच खडक शिजलाय, तिथं खरं द्रव तेल निघतं आणि तेही मेणचट. दोन्ही एकाच आकड्यात घालून "अमेरिकेकडे एवढं तेल" म्हटलं की वाचकाचा पूर्ण गैरसमज होतो.

म्हणून विनंती, पुढच्या लेखात असा आकडा छापताना खडक शिजलेला आहे की कच्चा हे एका ओळीत तरी सांगा, आणि जमलं तर सरोवरांच्या तेलावर एक वेगळा लेख द्या, मी आवर्जून वाचेन.

आपला,
एक नियमित वाचक