टॉवेलची दांडी

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाथरूममधली टॉवेलची दांडी शोधू नका. ती माझ्याकडे आहे. निघायच्या दिवशी तुम्ही दोघं सकाळी फिरायला गेलात, तेव्हा काढून बॅगेत टाकली. चोरी म्हणा हवं तर.

आले त्या दिवशीच पाहिलं होतं, दांडी एका बाजूने खाली झुकली होती. आईला विचारलं तर म्हणाली, "ओल्या टॉवेलचं वजन गं." बाबा म्हणाले, "स्क्रू जुने झालेत." टॉवेलच्या वजनाने भिंतीतला स्क्रू गिट्टीसकट बाहेर येत नाही, आई. बाकी सगळी दांडी काळपट पडलेली आणि कमोडच्या बाजूची वीतभर जागा तेवढी लख्ख. रोज हात लागल्याशिवाय धातू असा उजळत नाही. दोघंही तिला धरून उठता आणि दोघंही ते एकमेकांपासून लपवता. ती दांडी नॅपकिन वाळत घालायची आहे, माणूस तोलायची नाही. कधीतरी ती हातात येईल आणि... पुढचं लिहीत नाही. आजीच्या वेळचं मी काढत नाही, तुम्हीही काढू नका.

तर, मी ठरवून टाकलंय. बाथरूम पूर्ण काढून नवं करायचं. कॉन्ट्रॅक्टरला आगाऊ रक्कम दिली आहे, पुढच्या महिन्याच्या 5 तारखेला काम सुरू होईल. तुम्हाला न विचारता ठरवलं हे चुकलंच माझं. पण विचारलं असतं तर तुम्ही "बघू" म्हणाला असता, आणि आपल्या घरातलं "बघू" म्हणजे काय ते दादाच्या कपाटाला विचारा.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न मला पाठ आहे. चांगल्या चाललेल्या बाथरूमला काय धाड भरलीय? रंग जुना झाला म्हणून करतेय असं वाटत असेल तर तसं नाही. त्या हिरव्या टाइल्सवर माझा राग नाही. एखादी टाइल तडकली, वॉशर गेला, नळ ठिबकला, एवढ्यासाठी कोणी जमीन फोडत नाही. तेवढंच असतं तर मी स्वतः पान्हा घेऊन बसले असते.

पण तुम्ही दोनदा दर्जा, म्हणजे टाइल्समधल्या फटी, भरून घेतल्यात आणि दोन्ही वेळा वर्षाच्या आत ओल परत आली. मागच्या खोलीतल्या भिंतीचे पोपडे खरवडून रंग दिलात, रंग पुन्हा फुगला. आई जी पांढरी पूड दर आठवड्याला फडक्याने पुसते ती धूळ नाही. विटा-सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पाणी उडून जातं, ते मागे राहतात. आत पाणी मुरतंय तोवर ती पूड येतच राहणार, आई कितीही पुसू दे. आणि पाणी अडवतं ते टाइल्सखालचं वॉटरप्रूफिंग, टाइल्स किंवा दर्जा नाहीत. 1997 साली केलेलं ते वॉटरप्रूफिंग आता गेलंय. वरून कितीही व्हाइट सिमेंट भरा, ओल हटणार नाही.

आधी मला वाटलं होतं, भिंतीतला पाइप गळत असेल, तेवढाच बदलू. पण तुम्ही माझ्याकडे बारा दिवस राहिलात ना, तेव्हा खालच्या काकूंच्या छतावरचा डाग वाळला, आणि तुम्ही परत गेल्यावर चार दिवसांत पुन्हा ओला झाला. टाकीचं पाणी पाइपात चोवीस तास असतं. पाइप गळत असता तर घर बंद असतानाही डाग ओलाच राहिला असता. आंघोळी थांबल्या की वाळतो, म्हणजे पाणी जमिनीतून किंवा नहाणी ट्रॅपच्या (जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याच्या) भोवतीने उतरतंय. (काकू हे तुम्हाला कधीच बोलल्या नाहीत. मी खोदून विचारलं तेव्हा, "जाऊ दे गं, त्यांना या वयात कशाला," म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.)

दुपारी तुम्ही पडला होतात तेव्हा मी एक नाणं घेऊन टाइल्स वाजवत बसले होते. आई, तुला वाटलं मी काहीतरी ठोकतेय. दाराजवळच्या टणक वाजल्या. नहाणीच्या जाळीभोवतीच्या अकरा टाइल्स मात्र मडक्यासारख्या पोकळ. खालचा माल सुटलाय. मग बादलीभर पाणी ओतून पाहिलं. मीटरला एक-दीड सेंटीमीटर तरी ढाळ जाळीकडे हवा, आपलं पाणी उलटं कमोडमागे जाऊन बसलं आणि संध्याकाळपर्यंत तिथेच होतं. तिथेच आईचा पाय सरकला होता ना, ज्याबद्दल मला कोणीच सांगितलं नाही?

आणि सकाळचं ते लालसर पाणी. "थोडं सोडलं की स्वच्छ येतं," असं बाबा सांगतात. येतं, कारण रात्रभर पाइपात थांबून गंज उतरलेलं पाणी तोवर वाहून गेलेलं असतं. लोखंडी पाइप आतून गंजतो, भोक बारीक होत जातं, म्हणून बादली भरायला एवढा वेळ लागतो. नळ बदलून धार वाढणार नव्हतीच. जमीन फोडतोच आहोत तर पाइपही सगळे बदलू, पुन्हा फोडायला नको.

बाबा, हे बाथरूम तुम्ही सुट्टी काढून, गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून करून घेतलं होतं, ते मला आठवतं. जवळजवळ तीस वर्षं टिकलं. त्या वेळच्या कामात खोट काढत नाही मी. तेव्हा तुमचे गुडघे पंचेचाळिशीचे होते आणि बाथरूम त्या गुडघ्यांसाठी केलं होतं, एवढंच.

आता काय काय होणार ते सांगते, म्हणजे रात्री जागून विचार करत बसणार नाही. कमोड उंच, बसायची जागा जमिनीपासून 45 सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे उठताना जोर लावावा लागणार नाही. दाराशी आहे तो चार इंची उंबरा काढायचा, पाणी ढाळावरच अडेल. जमिनीला खरखरीत, लहान टाइल्स. लहान असल्या की दर्जा जास्त येतात आणि ओल्यातही पाय धरतो. दार बाहेर उघडणारं, कारण आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं. कडीऐवजी बाहेरूनही उघडता येणारं लॅच. गीझरच्या लाइनवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच. आणि रात्री आपोआप लागणारा लहान दिवा.

भिंती फिकट हिरव्याच ठेवतेय. तुमच्यासाठी, आणि आईच्या डोळ्यांसाठीसुद्धा. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा कमोड तिला नीट दिसत नाही, हे ती कबूल करणार नाही. साबणाचा कोनाडा डाव्या हातालाच राहील आई, तू डोळे मिटून हात घालतेस तिथेच. तुझं स्टूल, तुझी पितळी बादली, सगळं जिथल्या तिथे. शॉवर हातात धरायचा आणि बसूनच वापरायचा, पण बादली कोणी काढून घेणार नाहीये. बाबांचा रेडिओ अडकवायचा खिळासुद्धा सांगून ठेवलाय, फक्त गीझरपासून लांब.

साधारण महिना लागेल. घाई करणार नाही. वॉटरप्रूफिंग झालं की पाणी भरून 48 तास ठेवायचं आणि काकूंच्या छताकडे बघायचं, मगच टाइल्स, असं लिहून घेतलंय. तोवर तुम्ही माझ्याकडे. बाबांना खिडकीजवळची खोली, पेपर सहाला दारात. आईच्या कुंड्यांना काकू पाणी घालतील, त्यांनी आपणहून म्हटलं. कंटाळा आला तर भांडू की, त्यात काय.

तोपर्यंत मात्र माझं ऐकायचं. आंघोळीला बसण्याआधी गीझर बंद. बाथरूममध्ये ओल्या स्लीपर अजिबात नाहीत. रात्री उठलात तर दिवा लावा, दुसऱ्याची झोप मोडेल म्हणून अंधारात चाचपडू नका. आतून कडी लावू नका. मी पाच-सहा वर्षांची असताना आत अडकले होते, तेव्हा बाबा दाराबाहेर बसून "वर उचल, आता डावीकडे, शाब्बास," असं किती वेळ सांगत होते. मी बाहेर आले तेव्हा तुमचाच शर्ट घामाने चिंब होता. आता तुम्ही आत असलात आणि मी तिकडे नसले, तर कोण सांगणार?

दांडी काढलीय म्हणजे कमोडवरून उठायला आधार नाही, हे माझ्या लक्षात आलंय. उद्या एक माणूस कमोडभोवतीची सुटी चौकट आणून देईल, दोन्ही बाजूंना हात टेकायची. दिसायला दवाखान्यासारखी आहे, मान्य. महिनाभर चालवून घ्या.

अजून एक काम आहे आणि ते तुम्हीच करायचंय. आधाराचे कायमचे दांडे साधारण 85 ते 90 सेंटीमीटरवर बसवतात, पण ते सरासरी माणसाचं माप झालं. बाबा, तुम्ही स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलने आमची उंची लिहायचात ना, तीच पेन्सिल घ्या. कमोडवर बसून उठताना आईचा हात भिंतीवर जिथे जातो तिथे रेघ मारा, आणि तुमचा जातो तिथे दुसरी. चवड्यांवर उभं राहायचं नाही, दादा करायचा तसं. आणि रेघेपुढे नावं लिहा. नाहीतर तो माणूस मला फोन करून विचारेल, यातली आई कोणती.

तुमची,
चिमी