मृदंगाच्या कणकेविषयी

कोव्हेंट्री, इंग्लंड
रविवार, 20 ऑक्टोबर 2024

तीर्थरूप नाना आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नाना, फोनवर तुम्ही "हां, बरी आहेस ना, घे आईशी बोल" एवढं म्हणून मोकळे होता, म्हणून हे कागदावर. वहिनी वाचून दाखवेल. निम्मं पत्र मृदंगाचं आहे, तेव्हा मध्येच डुलक्या काढू नका.

आम्ही तिघं मजेत. समीरचा खोकला गेला. सहालाच अंधार पडायला लागलाय आणि पुढच्या रविवारी घड्याळं तासभर मागे करायची, म्हणजे मग साडेचारपासूनच दिवे. फराळाचं पार्सल अजून आलेलं नाही. आई, चकल्यांचा चुरा झाला तरी चालेल, तो आम्ही चिवड्यात घालतो.

आता मुख्य गोष्ट. मी ज्या शाळेत मदतनीस आहे तिथे गुरुवारी चौथीच्या मुलांसाठी आफ्रिकन ढोलांची आणि हस्तकलेची कार्यशाळा झाली. इथे 1987 पासून ऑक्टोबर हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळतात. त्यामागे अक्याबा अदाई-सेबो नावाच्या, घानाहून आलेल्या गृहस्थांचा पुढाकार होता. शाळांमध्ये त्याचं रूप मात्र ठरून गेलंय: भिंतीवर दोन-चार थोरांचे फोटो आणि एक दिवस ढोल. त्या एका दिवसासाठी पालकांनी केक विकून पैसे जमवले होते. एक नोव्हेंबरला फोटो उतरतात आणि तिथे नाताळचे कागदी तारे चढतात. हे मला खटकतं, पण दिवस झकास गेला हेही खरं.

वादक घानाचा, कुमासीजवळचा. पन्नाशीचा असेल. सकाळी साडेआठला गाडीतून तीस ढोल उतरवले, सगळे एकट्याने, आणि कुणालाही हात लावू दिला नाही. हे बघून तुमची आठवण आली ती तिथेच. मुलं सभागृहात आली तसा तो मोठ्याने ओरडला, "आगो!" मी दचकून मागे बघितलं. मला वाटलं मुरूडची कुणी बाई "अगो, इकडे ये" म्हणतेय! त्यांच्याकडे दारात उभं राहून "आगो" म्हणायचं, म्हणजे येऊ का. आतल्याने "आमे" म्हणायचं, म्हणजे या. तीस पोरांनी "आमे" म्हणून छप्पर उडवलं. शुक्रवारी वर्गबाई टाळ्या वाजवून मुलांना गप्प करत होत्या, कुणी ऐकेना. मी हळूच "आगो" म्हटलं आणि सगळे गप्प. बाईंना ते फारसं आवडलं नाही.

मुलांना वाटलं आता बडवायचं. त्याने आधी अंगठ्या, घड्याळं, कडी काढायला लावली, कातडं फाटतं म्हणून. माझ्याही बांगड्या उतरल्या. मग प्रत्येकाला जन्मवार विचारला. त्यांच्या अकान लोकांत मुलाला वारावरून नाव असतंच. शुक्रवारचा मुलगा कोफी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे कोफी अन्नान शुक्रवारचे. शनिवारचा क्वामे, म्हणून घानाचे पहिले अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा. मुलींची वेगळी: सोमवारची अज्वा, गुरुवारची "या", रविवारची अकोसुआ. मी अकोसुआ निघाले. ईराचा जन्म मंगळवारचा, ती अबेना; तेव्हापासून घरात दुसऱ्या नावाने हाक मारली तर ओ देत नाही. मी त्याला म्हटलं, आमच्या डोंगराकडच्या कातकरवाडीतही सोम्या, मंगळ्या, बुध्या अशीच नावं. त्याने ती वहीत लिहून घेतली. मग प्रत्येकाने आपलं नाव ढोलावर वाजवायचं. वाजवायचं म्हणजे बोलायचं: त्यांची त्वी भाषा सुरांची, शब्दातला आवाज वर की खाली यावर अर्थ ठरतो. म्हणून घानातल्या असांते राजांच्या दरबारी अतुंपान नावाची ढोलांची जोडी असते, एक खालच्या सुराचा, एक वरच्या, आणि 7 च्या आकड्यासारख्या वाकड्या काठ्यांनी वाजवणारा त्यावर चक्क वाक्यं बोलतो. त्याचं कातडं पूर्वी हत्तीच्या कानाचं असे. नाना, तुमच्या मृदंगावरच्या बकऱ्याच्या कातड्याच्या पुडीला आता नावं ठेवणार नाही.

तीस ढोल होते ते मात्र जेंबे. खालून निमुळता, वर वाडग्यासारखा उघडा, एका लाकडातून कोरलेला, बकऱ्याचं कातडं दोऱ्यांनी ताणलेलं. तो स्वतःच म्हणाला, हा आमचा ढोल नव्हे, हा माली आणि गिनीकडच्या मांदे लोकांचा. गिनीच्या फोदेबा केइता यांनी 1952 मध्ये पॅरिसमध्ये नृत्यमंडळी काढली, ती जगभर फिरली आणि जेंबे जगभर पोचला. आता आफ्रिका म्हटलं की शाळेला जेंबेच हवा असतो. "मी कपानलोगो घेऊन गेलो तर विचारतात, खरा आफ्रिकन ढोल कुठेय." हे तो हसत म्हणाला, पण हसण्यासारखं नव्हतं. भारतीय म्हणून मला इथे दर दिवाळीला बॉलीवूडचा नाच बसवायला सांगतात, तेव्हा मीही असंच हसते.

हा कपानलोगो अक्राच्या गा लोकांचा. एकच होता त्याच्याकडे, स्वतःसाठी. त्याचं कातडं लाकडी खुंट्यांनी धरलेलं असतं आणि सूर चढवायचा तर हातोडीने खुंट्या ठोकायच्या. ठक ठक, मग एक थाप, कान लावून ऐकायचं, पुन्हा ठक. माझे डोळे मिटले असते तर समोर तुम्हीच, पडवीत, गुरुवारच्या भजनाआधी मृदंगाचे लाकडी गठ्ठे ठोकताना.

जेंबेचे मूळ आवाज तीन. मधोमध पूर्ण तळव्याने घुमारा, काठावर बोटं जुळवून मोकळा सूर, आणि काठावरच बोटं सैल सोडून चटका. तिसरा कुणालाच जमला नाही. ढोल गुडघ्यांत धरून पुढे कलता ठेवायचा. तळाचं भोक जमिनीला टेकलं की घुमारा आतच कोंडतो. निम्म्या मुलांचे ढोल टेकलेलेच होते. मी सरळ करत फिरले.

आणि आता तुमच्यासाठी खास. त्याने एका मुलीच्या हातात लोखंडी जोडघंटा दिली आणि सांगितलं, मालक ही. ढोल काय वाटेल ते बोलतील, घंटा बदलायची नाही. आपल्याकडे टाळ तसाच ना? पण ठेका ऐका. 16 मात्रा धरा. त्यातल्या पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर घंटा. बस, पाचच ठोके. भजनातल्या धुमाळी ठेक्याच्या सवयीने वाजवायला गेलात की सातव्यावर पाय घसरतो, अकराव्यावर आपटता. ती मुलगी नऊ वर्षांची, सोमालियातून आलेल्या घरातली. तिने अर्धा तास तो धरला, एकदाही चुकली नाही. बापूकाकांना टाळ घेऊन करून बघायला सांगा आणि किती वेळ टिकले ते कळवा.

मधल्या सुट्टीत मी त्याला विचारलं, तुमच्याकडे मुली वाजवतात? म्हणाला, जेंबे परंपरेने पुरुषांचाच; आमच्या गावातही माझ्या बहिणींना ढोलाजवळ बसू देत नसत. टाळ्या, गाणं, नाच आणि भोपळ्याचा मण्यांच्या जाळीचा खुळखुळा, एवढं बायकांचं. आता दिवस बदललेत, आणि इथे तर समोर येईल त्याला शिकवतो. मग सहज म्हणाला, "तुझ्या बोटांना ठेका माहीत आहे, कुठे शिकलीस?" मी म्हटलं, शिकले नाही. तांदळाच्या डब्यावर वाजवायचे.

नाना, तुम्हाला आठवत नसेल. मी सातवीत होते. तुम्ही मृदंगावरून उठून पाणी प्यायला आत गेलात आणि मी त्यावर एक थाप मारली. तुम्ही ओरडला नाहीत. नुसतं येऊन मृदंग उचललात, गवसणी घातलीत आणि म्हणालात, "पोरींनी याला हात लावायचा नसतो." दादाला त्याच वर्षी बसवलंत, आणि दादाला सम कळायला दोन पावसाळे लागले. हे मी भांडायला लिहीत नाही. म्हणजे थोडंसं भांडायला लिहितेय.

दुपारी हस्तकला. हिची मला जास्त धास्ती होती, कारण काळा रंग आणि पांढरे शर्ट. अदिंक्रा नावाचे असांत्यांचे ठसे असतात. कुमासीजवळच्या न्तोन्सो गावात ते अजून हाताने करतात: सुक्या भोपळ्याच्या कवटीत नक्षी कोरायची, पाठीला बांबूच्या काड्यांची मूठ बांधायची, बादिए झाडाची साल कुटून, उकळून आटवून दाट काळा रंग काढायचा आणि कापडावर ओळीने ठसे उठवायचे. हे कापड मुळात दुखवट्याचं. आम्ही भोपळ्याऐवजी स्पंज कापून पुठ्ठ्याला चिकटवला. मुलांना सगळ्यात आवडली एका पोटाला जोडलेल्या दोन मगरींची नक्षी. पोट एकच, तरी खाण्यासाठी भांडतात. मी दोन काढल्या, एक दादाला पाठवतेय. आमसुलांच्या बरणीवर चिकटवायला सांगा. नुकसान: चार शर्ट, एक खुर्ची, आणि कुणीतरी जेंबेच्या कातड्यावरच उठवलेली मगर. ती पुसताना वादकाचं तोंड बघवत नव्हतं. शेजारच्या वर्गाची चाचणी होती, त्यांनीही दोनदा माणूस पाठवून आवाजाची तक्रार केली.

नकाशावर मुलांना घाना दाखवताना कळलं की निम्म्यांना आफ्रिका हा एकच देश वाटतो. चोपन्न आहेत म्हटल्यावर विश्वास बसेना. मग मी जंजिऱ्याचा फोटो काढला आणि सांगितलं, माझ्या घराच्या गच्चीवरून हा किल्ला दिसतो आणि 1948 पर्यंत इथे आफ्रिकी वंशाचे नवाब होते. वादक फोटोवर वाकला आणि वाकलेलाच राहिला. मी लगेच सांगितलं, हे शिद्दी नवाब पूर्व आफ्रिकेतून आले, हबसाणाकडून म्हणजे इथिओपियाकडून, तुमच्या बाजूने नव्हे. मलिक अंबरचंही सांगितलं. इथिओपियात जन्मलेला पोरगा गुलाम म्हणून विकला गेला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, 1610 मध्ये आजचं छत्रपती संभाजीनगर वसवलं. मुलांनी विचारलं, मग त्यांचे ढोल कुठे आहेत? गुजरातच्या शिद्दींचा धमाल नावाचा ढोलांवरचा नाच मी व्हिडिओत पाहिलाय, तो दाखवला. पण आपल्या मुरूडात? एवढी वर्षं समोर किल्ला, मी कधी विचारलंच नाही. तुम्ही लहानपणी किल्ल्यासमोरच्या राजपुरीला काही ऐकलं असेल तर आठवून सांगा.

जाताना तो सामान भरत होता तेव्हा मी तुमच्या मृदंगाचा फोटो दाखवला, गणपतीतला. त्याने लगेच विचारलं, डावीकडे पांढरं काय? मी म्हटलं कणीक, घुमारा यावा म्हणून थापतात. आधी मोठ्याने हसला, मग हातातलं खाली ठेवून नीट विचारायला लागला. म्हणाला, नायजेरियात योरुबांच्या गुडुगुडु नावाच्या छोट्या ढोलावर मधोमध असाच चिकाचा गोळा असतो, पण तो कायमचा. तुमची रोज नवी? पीठ कसलं? किती सैल? कातडं आधी ओलं करता का? काढता केव्हा?

मला एकही उत्तर आलं नाही. जन्मभर त्या घरात वाढले, आईने परातीतून लिंबाएवढा गोळा तोडून तुमच्याकडे पाठवलेला शंभरदा नेऊन दिला, आणि उंबऱ्यापलीकडे काय होतं ते मला माहीत नाही. त्याला म्हटलं, वडलांना विचारून कळवते.

तर नाना, लिहून पाठवा. गव्हाचंच पीठ का, तांदळाचं चालत नाही का? मीठ घालतात? किती जाड थापायची, मधोमध की पसरून? घुमारा बरोबर आला हे कानाला कसं कळतं? भजन संपल्यावर लगेच खरवडायची की वाळू द्यायची? वहिनीला सांगाल तर ती जे सुचेल ते लिहील, म्हणून स्वतःच्या हाताने लिहा. आणि पुढच्या वर्षी गणपती 27 ऑगस्टला आहेत, इथे तेव्हा सुट्टीच असते, आम्ही तिकिटं काढतोय. मृदंग माळ्यावर ठेवला असेल तर उतरवून ठेवा. एका बाजूला मी बसेन आणि शेजारी ईरा.

ती विचारतेय, खरवडलेल्या कणकेची नंतर पोळी करतात का. हेही कळवा.

आईला नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार, चिंटूला पापा.

तुमची,
सुमी (अकोसुआ)