दिवाळीला नाही, गणपतीला येते

ती. बाबा आणि ती. आई,

सा. न. वि. वि. (बाबा, बघा, मायना नीट लिहिलाय. नाहीतर म्हणाल पोरगी इंजिनीअर झाली आणि पत्र लिहायचं विसरली.)

फोनवरच सांगणार होते. पण फोनवर काय होतं ते आपल्या तिघांनाही माहितीये. बाबा स्पीकर लावतात, आई पहिल्याच वाक्याला "बरं" म्हणून किचनमध्ये निघून जाते आणि मग आम्ही दोघं पंधरा मिनिटं इंदूरच्या उकाड्यावर बोलत बसतो. म्हणून लिहिते. दोघांनी एकत्र बसून वाचा, बाबा तुम्ही मोठ्याने वाचा, कारण आईने चष्म्याचा नंबर अजून बदललेला नाहीये आणि मला सांगितलं की बदलला.

तर, मी दिबांगच्या नव्या धरणाचं काम घेतलं. सही करून पाठवली, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जॉइन व्हायचंय. तीन वर्षांचं पोस्टिंग आहे. आधी का नाही विचारलं म्हणाल, तर विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते "तू बघ", आई रात्रभर कूस बदलत राहिली असती आणि सकाळी तिचा आवाज ऐकून मी नाही म्हणून टाकलं असतं. पुण्याच्या वेळी तेच झालं होतं. या वेळी मला नाही म्हणायचं नव्हतं.

आईसाठी सांगते, कुठे आहे ते. अरुणाचलमध्ये, आसामच्या पार वरच्या कोपऱ्यात. दिब्रुगढपर्यंत विमान, तिथून गाडीने तिनसुकिया करत लोहित नदीवरचा तो भूपेन हजारिका सेतू लागतो, ९ किलोमीटरहून लांब पूल, बाबा तुम्ही तो बघायला तरी याच, आणि मग रोइंग. रोइंगच्या वरती दिबांग नदीवर हे धरण. उंची २७८ मीटर, काँक्रीट ग्रॅव्हिटी, म्हणजे स्वतःच्या वजनावर पाणी पेलणारं. आपलं नर्मदेवरचं पुनासा (इंदिरा सागर) ९२ मीटर, म्हणजे एकावर एक तीन पुनासा ठेवले तरी दोन मीटर कमी पडतील! आपल्याकडे १२५ ची ८ मशिनं, १००० मेगावॉट, तिथे २४० ची १२, म्हणजे २८८०. आणि आई, फक्त विजेसाठी नाहीये ते, पावसाळ्यात तळ्यात मुद्दाम जागा रिकामी ठेवायची म्हणजे पूर आला की तो तिथे अडवून खाली आसामात हळूहळू सोडता येतो.

पूर्ण कधी होणार तर म्हणे फेब्रुवारी २०३२. बाबा, हसलात ना? हसा. मीपण हसले. पुनासाचं भूमिपूजन इंदिराजींनी ऑक्टोबर १९८४ ला केलं आणि पहिलं मशिन फिरलं २००४ ला. दिबांगचं तर दोनदा भूमिपूजन झालंय, जानेवारी २००८ ला मनमोहनसिंगांनी केलं आणि मार्च २०२४ ला मोदींनी. मधल्या काळात जंगलाची परवानगी दोनदा नाकारली, मग उंची १० मीटरने उतरवली तेव्हा कुठे मिळाली. माझे तीन वर्षं यात कुठे लागतात ते बघा. माझ्या काळात वर काही दिसणारच नाही. नदी बोगद्यातून वळवायची, वर-खाली कॉफर डॅम (तात्पुरते बांध) घालून मधलं पात्र कोरडं करायचं, मग गाळ, गोटे, कुजका खडक सगळं काढत काढत चांगल्या खडकापर्यंत जायचं, तो धुवायचा, भेगा भरायच्या, ग्राउटिंग करायचं, म्हणजे दाबाने आत सिमेंटचं पाणी भरायचं. माझं काम क्यूसी, म्हणजे क्वालिटी कंट्रोल लॅबचं, तिथली वाळू-खडी तपासायची, ट्रायल मिक्स लावायचे, म्हणजे पहिलं काँक्रीट पडेल तोवर मिक्स पक्कं झालेलं पाहिजे.

पगार जास्त आहे, हार्डशिप अलाउन्स वेगळा, राहणं-खाणं फुकट, घराचं लोन लवकर संपेल, पुढे प्रमोशनला पण बरं पडतं. ही सगळी कारणं खरी आहेत आणि दादाला मी हीच सांगितली. पण तुम्हाला वेगळं सांगते. इतकी वर्षं मी जुन्या धरणांच्या पोटातल्या गॅलऱ्यांमधून टॉर्च घेऊन फिरतेय, कुठे पाझर वाढला, कुठे ड्रेन होल चुन्याने बंद झालं, कुठे जॉइंटमधली पाणी अडवणारी पट्टी, वॉटरस्टॉप, गेली. आणि बऱ्याच वेळा शोधत गेलं की सापडतं काय, तर तीस-चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत खडक नीट न धुता काँक्रीट ओतलेलं. त्या माणसाला शिव्या देत देत आम्ही तिथे ग्राउट मारतो. मला एकदा त्या सुरुवातीच्या दिवशी तिथे उभं राहायचंय बाबा. परत अशी संधी आली तोवर माझेच गुडघे आईसारखे झाले असतील.

आणि याला जबाबदार तुम्हीच आहात हां. शाळेला सुट्टी लागली की आईला जरा शांतता मिळावी म्हणून मला नर्मदानगरला पुनासाच्या लॅबमध्ये कोण घेऊन जायचं? तो स्लम्पचा पत्र्याचा कोन उचलायला मला द्यायचात, सरळ वर, हात हलवायचा नाही, आणि काँक्रीट किती बसलं ते पट्टीने मोजून तुम्ही ओरडायचा आकडा आणि मी रजिस्टरमध्ये लिहायची. तपासणीच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, क्यूबांवर, तारीख घालायला तो लाल ऑइलपेंटचा डबा. माझ्या फ्रॉकला लागलेला तो डाग रॉकेलने पण निघाला नाही, आईने त्यावर कापडाचं बदक शिवलं होतं. मे महिन्यात काँक्रीटमध्ये पाण्याऐवजी बर्फ घालायचे आणि मी विचारलं होतं की धरणाला पण उकडतं का. तुम्ही हसला नव्हतात, नीट समजावून सांगितलं होतं की सिमेंट आवळताना आतून तापतं, एवढ्या जाड ब्लॉकच्या पोटातली ती गरमी बाहेर यायला खूप दिवस लागतात आणि बाहेरचं आधी गार झालं की तडा जातो, म्हणून घालतानाच गार घालायचं आणि एकेक थर दीड मीटरचा टाकून थांबायचं. मला कॉलेजात हाच प्रश्न आला होता आणि मी पुस्तक न वाचता लिहिला.

आता आईचं. आई, मला माहितीये तू आत्ता उठून गॅस बघायला गेली आहेस. ये, बस.

भूकंप. तू विचारणारच. तिथे १५ ऑगस्ट १९५० ला ८.६ चा झाला होता, आख्खे डोंगर घसरून नद्या अडल्या होत्या, हे लपवत नाही, कारण तू यूट्यूबवर शोधशीलच. सगळा भाग भूकंपाच्या सगळ्यात धोक्याच्या पट्ट्यात आहे. म्हणून तर डिझाइन त्या हिशोबाने करावं लागतं. कोयनेचं बाबांनी शंभर वेळा सांगितलंय, ११ डिसेंबर १९६७ चा धक्का अगदी धरणाजवळ झाला, वरच्या भागात जिथे भिंत एकदम निमुळती होते तिथे भेगा पडल्या, पण धरण उभं राहिलं, मग मागून काँक्रीटचा आधार देऊन पक्कं केलं आणि आजही त्याच पाण्यावर महाराष्ट्राला वीज जाते. आणि सिक्कीमचं जे तू टीव्हीवर बघितलंस, ऑक्टोबर २०२३ चं, वरचं हिमनदीचं तळं फुटून तीस्तेवरचं धरण वाहून गेलं, ते भरावाचं धरण होतं, दगडांचा भराव आणि पुढून काँक्रीटची पाटी. भरावावरून पाणी गेलं की भराव खरवडून निघतो. काँक्रीट ग्रॅव्हिटीचं तसं नसतं. काहीच होणार नाही असं मी लिहून देत नाही, कुणी देऊ पण शकत नाही, पण माझी लॅब आणि कॅम्प दोन्ही नदीच्या पात्रात नाहीयेत, बरंच वरती आहेत, आणि बोगद्यात माझं काम नाही. बोगद्यात मी जाणारच नाही असं नाही म्हणत (खोटं कशाला), पण रोज नाही.

बाकी सगळी सोय आहे. खोलीत गिझर आहे, कपडे धुवायचं मशिन आहे, मेसमध्ये डाळ-भात-पोळी रोज मिळते, डॉक्टर कॅम्पवर असतो, नेटवर्क आहे. तिथे थंडीत साडेचारलाच अंधार पडतो, त्यामुळे संध्याकाळी मी रोज खोलीत असणार आणि रोज फोन करणार, आत्ता साइटवरून रात्री नऊला करते त्यापेक्षा कितीतरी बरं. पाऊस मात्र बेकार आहे, महिनोन्‌महिने. पण त्याचा फायदा असा की पुरात नदीतलं काम बंद असतं, मोठी सुट्टी त्याच दिवसांत मिळते, म्हणजे गणपती पूर्ण दहा दिवस घरी. दिवाळी जाईल, कारण ऑक्टोबर ते एप्रिल हाच तिथे कामाचा सीझन. आई, फराळ कुरिअर करायचा नाही, तीन आठवडे लागतात आणि चकलीचा चुरा होतो. फक्त शेव दे, जाडी लवंगाची, ती मी जातानाच घेऊन जाईन. आणि स्थळाचं म्हणशील तर अरुणाचलमध्ये पण माणसंच राहतात गं.

एक राहिलं. नानीमावशी.

तिला माझ्याआधी तुम्ही सांगा. मी फोन करीनच, पण आधी तुमच्याकडून कळू दे. पुनासाच्या पाण्यात जाणारं हरसूद रिकामं करायची ३० जून २००४ ची ती तारीख, लोक आपल्याच हाताने आपली घरं पाडत होते, आणि मावशी छनेऱ्याच्या नव्या वस्तीत दाराच्या चौकटी घेऊन गेली होती, त्या अजून तिच्या अंगणात उभ्या करून ठेवल्यात. त्या पावसाळ्यात बाबा जेवायला बसले की आई ताट वाढून बाहेर पायरीवर जाऊन बसायची, हे मला आठवतंय. मी चौदा वर्षांची होते, तुम्हाला वाटायचं मला कळत नाही. मी कुणाला दोष देत नाहीये. बाबांनी क्यूब तपासले, हरसूदचा निर्णय बाबांनी नाही घेतला, आणि आईला राग यायचा तोही बरोबरच होता, तिच्या सख्ख्या बहिणीचं घर होतं ते. मी फक्त एवढंच सांगते की मला हे सगळं माहिती असून मी जातेय. दिबांगला बुडणारी घरं हरसूदच्या मानाने फार थोडी आहेत, पण जंगल खूप आहे, लाखो झाडं आहेत, आणि ती जमीन इदू मिश्मी लोकांची आहे, मुळात थोडेसेच लोक आहेत ते, वाघाला भाऊ मानणारे. कितीतरी वर्षं त्यांनी जनसुनावणी होऊ दिली नव्हती. आता बऱ्याच जणांनी मान्य केलंय, सगळ्यांनी नाही. मावशीने मला विचारलं की तुला हे चालतं का, तर माझ्याकडे चांगलं उत्तर नाहीये. हे काम नाकारलं असतं तर ते असतं असंही नाही. आपल्या नळाला जी नर्मदा येते ती जलूदहून सत्तर किलोमीटर विजेच्या पंपावर घाट चढून येते, आणि मावशी आपल्याकडे राहायला आली की तेच पाणी पिते, पण हे तिला म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. तुम्ही पण म्हणू नका.

आता कामाचं, आणि यात वाद नकोय.

बाबा, मोतीबिंदूची तारीख मी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली घेतली आहे, मी स्वतः असणार, पुढे ढकलायची नाही. तोवर अंधार पडल्यावर अ‍ॅक्टिवा बाहेर काढायची नाही, राजवाड्याला तर नाहीच. सकाळच्या वॉकला ते मित्रमंडळ छप्पन दुकानला पोहे-जलेबी खायला नेतं, ते मला कळतं, महिन्यातून एकदा जा, पण शेव कमी आणि जलेबी एक. बीपीची गोळी संपली की दुसऱ्या दिवशी आणायची, "देख लेंगे" नाही. विम्याची फाइल कपाटात वरच्या कप्प्यात, निळी, त्यावर वरच्या भाडेकरूंचा नंबर पण लिहून ठेवलाय, त्यांनी रात्री कधीही हाक मारा म्हणून सांगितलंय आणि ते मनापासून सांगितलंय, भिडस्तपणा करू नका.

आई, चष्मा. या आठवड्यात. कॅल्शियमची गोळी दुधाबरोबर. पोळ्यांना बाई ठेवतेय मी, तिचा पगार मी देणार, तुला तिच्या पोळ्या जाड वाटतील, वाटू देत. आणि तू माझ्यावर रागावली असशील तर रागाव, पण अबोला नको धरूस. तुझा अबोला मला लांबून झेपत नाही.

यायचं असेल तर इनर लाइन परमिट, म्हणजे अरुणाचलमध्ये शिरायची परवानगी लागते, ती मी ऑनलाइन काढून देते. दोघांनी डिसेंबरात या, हवा छान असते.

आणि नर्मदा आली की टाकी भरली का बघायला तू गच्चीवर चढतेस ते बंद. शनिवारी अकराला टाकीला सेन्सर बसवायला माणूस येणार आहे, पैसे दिलेले आहेत. बाबा, मागच्या खेपेला तुम्ही त्याला "आपण स्वतः लावू" म्हणून परत पाठवलंत आणि तो सेन्सर अजून खोक्यात आहे. या वेळी त्याला चहा द्या आणि काम करू द्या.

तुमची
मनू